लेकरांना घेऊन हैदराबादला जाताय? निघण्याआधी एवढं वाचा

उदगीर : सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, तूर अजून शेंगा भरायला लागलेली. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे चार-पाच दिवस. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वर्षात जे काही मोकळे दिवस मिळतात ते हेच. गेल्या दिवाळीत आम्ही हे दिवस हैदराबादला घालवले. मी, बायको, नववीतली थोरली, चौथीतला धाकटा आणि माझी आई. तीन रात्री, चार दिवस.

गावात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "कोणत्या देवाला?" आपल्याकडं फिरणं म्हणजे देवाला जाणं. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर. नुसतं शहर बघायला, तेही लेकरं आणि म्हातारी घेऊन, कुणी जात नाही. दुसरा प्रश्न चुलत भावाचा होता, "पैसे जास्त झाले का?" जास्त झाले नव्हते. पण थोरली पुढल्या साली दहावीला, मग अकरावी-बारावीला लातूरला, आणि मग ती आपल्या हातात राहत नाही. त्याच्या आत एकदा तरी लेकरांनी अशी जागा बघावी जिथं आपली भाषा चालत नाही, आपलं जेवण मिळत नाही, आणि आपल्याला कुणी ओळखत नाही. ती जागा आपल्यापासून रेल्वेने पाच-सहा तासांवर आहे.

परतल्यापासून दहा-बारा जणांनी विचारलं, कसं गेलात, काय खाल्लं, भीती नाही वाटली का. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हे परकं गाव नाही

पहिली गोष्ट लेकरांना घरीच सांगून ठेवा. हैदराबाद आज दुसऱ्या राज्यात असलं तरी आपल्या आजा-पणजाची ती राजधानी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. तेव्हा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला तेव्हा आपण इकडं आलो, बिदर तिकडं गेलं. लातूर जिल्हा तर १९८२ चा. माझा आजा उर्दूत शिकलेला होता. सही मोडीत करायचा, अर्ज उर्दूत लिहायचा आणि हरिपाठ मराठीत म्हणायचा. थोरलीला हे सांगितलं तर तिला खरं वाटेना.

१७ सप्टेंबरला शाळेत झेंडा होतो, भाषणं होतात. पण ज्या शहरातून आपल्यावर राज्य चाललं ते शहर दिसतं कसं, हे भाषण करणाऱ्या लेकराला माहीत नसतं.

रेल्वेच्या खिडकीतून भाषा बदलते

लातूर रोडहून विकाराबादला जाणारी जी लाईन आहे, तिच्यावर उदगीर येतं. उदगीर सोडलं की कमलनगर, भालकी, बिदर, जहिराबाद, विकाराबाद असं करत गाडी हैदराबादला शिरते. लेकरांना खिडकी द्या आणि स्टेशनच्या पिवळ्या पाट्या वाचायला लावा. धाकट्याला हा खेळ इतका आवडला की त्याने मोबाईल मागितला नाही. कमलनगरला कानडी अक्षरं आली. बिदरलाही कानडी. जहिराबादला अक्षरं पुन्हा बदलली, पण धाकट्याला ती तशीच गोल-गोल वाटली. कानडी आणि तेलुगू या दोन्ही लिप्या एकाच जुन्या लिपीतून निघालेल्या आहेत, म्हणून बहिणी-बहिणीसारख्या दिसतात. दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासात तीन राज्यं आणि तीन लिप्या. हे पुस्तकातून शिकवायला बसलात तर महिना जाईल.

तिकिटाचं एक ध्यानात ठेवा. रिझर्व्हेशनमध्ये पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं तिकीट लागतं, पण त्यात जागा मिळत नाही. स्वतंत्र सीट हवी असेल तर पूर्ण पैसे. आम्ही धाकट्याचं अर्धंच काढलं आणि तो निम्मा वेळ माझ्या मांडीवर होता. माझ्या मांडीचं काय झालं ते विचारू नका.

शिवाय हैदराबादला स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत. नामपल्ली, सिकंदराबाद आणि काचीगुडा ही तीन मोठी. रेल्वेच्या तिकिटावर नुसतं हैदराबाद लिहिलं असेल तर ते नामपल्ली. एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून लॉज बघण्याआधी गाडी कुठं उतरवते ते बघा. नामपल्लीला उतरलात तर बाहेर मेट्रो आहे. ही मेट्रो २०१७ पासून चालू झाली. आईला सरकत्या जिन्याची धास्ती बसली, पण प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, म्हाताऱ्या माणसाला तिथूनच न्यावं. मात्र चारमिनारपाशी मेट्रो जात नाही. एमजीबीएसला उतरून तिथून रिक्षा किंवा बस करावी लागते.

बसमध्ये आमच्या बायकांची फजिती झाली. आपल्याकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना फुकट. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून बायकांना साध्या बसमध्ये पूर्ण फुकट, पण फक्त तिथल्या रहिवाशांना. कंडक्टर येणाऱ्या प्रत्येक बाईला शून्य रुपयांचं तिकीट देत होता. बायकोने ऐटीत आपलं आधार कार्ड दाखवलं. त्याने पत्ता वाचला, हसला आणि पूर्ण तिकीट फाडलं. आई पुढं दिवसभर म्हणत होती, "एवढ्या बायकांत आपल्यालाच पैसे."

नक्को, हौ आणि एक शब्द जो ऐकून लेकरं चमकतात

भाषेची भीती बाळगू नका, पण थोडी तयारी करा. हैदराबादेत दोन भाषा सारख्याच चालतात. एक तेलुगू, दुसरी तिथली उर्दू, जिला दखनी म्हणतात. जुन्या शहरात दखनी, बाकी शहरात तेलुगू जास्त. मोडकीतोडकी हिंदी सगळीकडं निभावते.

दखनीची गंमत अशी की तिच्यात मराठी भरलेली आहे. नको म्हणायचं असेल तर ते 'नक्को' म्हणतात. हो म्हणायला 'हौ'. का, कशाला असं विचारायला 'कायकू'. आणि आपण जसं 'मीच', 'तूच' म्हणतो तसं ते 'मैंच', 'तूच' म्हणतात. शेवटचा 'च' आपलाच. शेकडो वर्षं शेजारी राहिल्यावर हे होणारच. धाकट्याला पहिल्या दिवशी एका चहावाल्याने "शक्कर नक्को?" असं विचारलं आणि तो माझ्याकडं वळून ओरडला, "बाबा, हे मराठी बोलतात!" एक सावधगिरी : तिथं 'परसों' म्हणजे नेमका परवाचा दिवस असेलच असं नाही. गेल्या महिन्यातली गोष्टही परसों घडलेली असते.

तेलुगूत मोठ्या भावाला अन्ना आणि मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. आपल्याकडंही अण्णा आणि अक्का आहेतच. रिक्षावाल्याला "अन्ना" म्हणून हाक मारली की त्याचा चेहरा बदलतो. भाडं बदलत नाही. लेकरांना पाच-सहा शब्द पाठ करून द्या : नीळ्ळु म्हणजे पाणी, अन्नम् म्हणजे भात, एंत म्हणजे कितीला, वद्दु म्हणजे नको, चालु म्हणजे पुरे. हा 'चालु' आपल्या उलटा आहे. जेवताना वाढप्याने भात वाढला की थोरली "चालू द्या" म्हणायची आणि तो हात आवरायचा. तिला कळेना हा मध्येच का थांबतो.

आणि आता तो शब्द. तेलुगूत मोठ्या आदराने 'या' म्हणायचा जो शब्द आहे, तो आपल्याकडं बाईला दिलेली घाणेरडी शिवी आहे. मी इथं लिहीत नाही, ज्यांनी तिकडं सेंट्रिंगची किंवा कापडाची कामं केलीत त्यांना माहीत आहे. खानावळीच्या दारात उभा असलेला म्हातारा माझ्या आईकडं बघून, हात जोडून, तोच शब्द दोनदा म्हणाला. आईचा चेहरा लालभडक. थोरली थिजून उभी. मला आधीच ठाऊक होतं, पण सांगायला लाज वाटली म्हणून मी घरी सांगितलं नव्हतं. ती माझी चूक. लेकरांना, विशेषतः मोठ्या मुलींना, आईने जाण्याआधीच स्पष्ट सांगून ठेवावं. आवाज तोच असला म्हणून अर्थ तोच नसतो, एवढं कळलं की लेकरं हसतात आणि विषय संपतो.

माळकरी आईचं जेवण

माझी आई माळकरी. कांदा-लसूणही एकादशीला नाही, मांसाचं तर नाव नको. हैदराबाद म्हटलं की लोकांना बिर्याणीच आठवते, आणि जुन्या शहरात खरंच पावलोपावली तीच आहे. आईने घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधून घेतल्या होत्या. दोन दिवस टिकल्या.

पण शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. सकाळी 'टिफिन' लिहिलेल्या जागी जा. तिथं टिफिन म्हणजे डबा नव्हे, नाश्ता. इडली, डोसा, मुगाचा पेसरट्टू. दुपारी 'मील्स' म्हणजे ताट. भाताचा डोंगर, पप्पू म्हणजे तुरीचं घट्ट वरण, रसम, भाजी, दही. लेकरांना पोळी हवी असते, ती या ताटात बहुतेक नसते. धाकटा पहिल्या दिवशी रुसला. दुसऱ्या दिवशी त्याला तूप-वरण-भातावर लोणच्याची पूड टाकून दिली तर दोनदा मागून खाल्ला.

ताटात एक हिरवट आंबट चटणीसारखं काही होतं. लेकरांनी बाजूला सारलं. आईने बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "अरे, ही आपली अंबाडी!" खरंच अंबाडीच. तिकडं तिला गोंगुरा म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. आपल्याकडं अंबाडी बांधावर उगवते, भाजी म्हातारी माणसं करतात आणि पोरं नाक मुरडतात. ज्वारीची भाकरीही तिकडं आहे, जोन्न रोट्टे म्हणतात. काही ठिकाणी संध्याकाळी गाड्यावर गरम थापून देतात. आईला तिथं बसवलं आणि मग ती कुठं जायचं म्हटलं तरी तयार होती.

तिखटाचं सांभाळा. आपण मराठवाड्याची माणसं, तिखटाला भीत नाही असं समजून मी हिरव्या मिरचीची भजी घेतली. दुपार त्यातच गेली. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट मात्र लेकरांना द्या. बिस्कीट गोड आणि थोडं खारट, चहात बुडवलं की विरघळतं.

किल्ला, घड्याळ आणि चिंचेचं झाड

बघायला शंभर जागा आहेत. लेकरं बरोबर असतील तर दिवसाला दोनच ठेवा. आम्ही काय पाहिलं तेवढंच सांगतो. गोलकोंडा आणि चारमिनारला पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद, प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद.

गोलकोंड्याला सकाळी लवकर जा, ऊन चढलं की दगड तापतात. खाली फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बाला हिसारपर्यंत ऐकू जाते. शत्रू आला की इशारा द्यायची सोय. मी आणि धाकटा वर गेलो, थोरली खाली राहिली. तिची टाळी वर आली तेव्हा धाकट्याने खाली वाकून "ताई" म्हणून हाक मारली. ती मात्र खाली गेली नाही.

हा किल्ला कुतुबशाहीचा. औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून १६८७ मध्ये तो घेतला. त्याच्या दहा वर्षं आधी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना हैदराबादला येऊन कुतुबशहाला भेटले होते. आपल्या जुन्या कागदांत या शहराला भागानगर म्हणतात ते हेच. येसाजी कंकाने हत्तीशी झुंज घेतली ती ऐकीव गोष्ट धाकट्याला पाठ आहे. तो प्रत्येक चौकात विचारत होता, "इथं का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, ती गोष्ट आहे, जागा कुणी दाखवू शकत नाही. त्याने स्वतःच एक अंगण ठरवून टाकलं.

चढताना एक अंधारी कोठडी लागते. तेलुगू लोक ज्याला भक्त रामदास म्हणतात तो कंचर्ल गोपन्ना इथं कैदेत होता. तो होता महसुली अधिकारी. सरकारी वसुलीच्या पैशातून त्याने भद्राचलमचं राममंदिर बांधलं म्हणून कुतुबशहाने त्याला डांबलं. भिंतीवर राम-सीता-मारुतीच्या आकृत्या आहेत. आई तिथं थांबली आणि म्हणाली, "हा तर ह्यांचा दामाजी." दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना लुटू देणारा मंगळवेढ्याचा दामाजीपंत आपल्याकडं लहान लेकराला ठाऊक. आणि आदल्या दिवशीच आम्ही बिदरवरून आलो होतो. आईने कोठडीला हात जोडले. मला तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

सालारजंग म्युझियममध्ये एक घड्याळ आहे. तास भरत आला की त्याच्यासमोर दोनशे माणसं मांडी घालून बसतात. आतून एक छोटा बाहुला येतो आणि तासाचे टोले वाजवून परत जातो. बारा वाजता गेलात तर बारा टोले. तिथंच बुरखा घेतलेल्या रेबेकाचा संगमरवरी पुतळा आहे, १८७६ चा. दगडातून कापड पातळ दिसतं आणि कापडाआडून चेहरा. थोरली तिथून हलेना.

पण माझ्या मनात घर केलं ते एका चिंचेच्या झाडाने. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात ते आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला, हजारो माणसं वाहून गेली. या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. आपल्या बांधावरची चिंच आपण पाचशे-हजार रुपयांना तोडायला देतो. धाकट्याने खोडाला मिठी मारून बघितली, हात पुरले नाहीत.

लाड बाजारातले पंधरा मिनिटं

आता जे लिहायचं आहे ते जरा अवघड आहे.

आमच्या घरात रझाकाराच्या गोष्टी आहेत. आईची आई १९४८ साली उभ्या जोंधळ्यात दोन दिवस लपून राहिली होती. आपल्या भागात असं एकही जुनं घर नसेल जिथं अशी गोष्ट नाही. आणि हेही खरं की पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत कितीतरी निरपराध मुसलमान घरंही मारली गेली. नेहरूंनी त्यासाठी सुंदरलाल समिती पाठवली होती. ही दुसरी गोष्ट आपल्या घरांत कमी सांगतात. लेकरं पहिलीवर वाढतात, वर मोबाईलवर रोज काय काय येतं. निघण्याआधी एका नातेवाईकाने धाकट्याच्या देखत सांगितलं, "जुन्या शहरात जाऊ नका, तिकडं लेकरं पळवतात." ते त्याच्या डोक्यात बसलं.

चारमिनार १५९१ चा. आम्ही वर चढून आलो, मक्का मशीद बाहेरून बघितली. मग शेजारच्या लाड बाजारात शिरलो, जिथं लाखेच्या बांगड्या मिळतात. बायको आणि थोरली बांगड्यांत गुंतल्या, आई पायरीवर बसली, मी पैसे मोजत होतो. धाकटा साबणाचे फुगे उडवणाऱ्याच्या मागं गेला. मान वर केली तर तो नाही.

पंधरा मिनिटं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझ्या आयुष्यात गारपीट झाली, विहीर ढासळली, पण हात असे कधी कापले नव्हते. सगळ्या बाया काळ्या बुरख्यात, सगळी लेकरं सारखी दिसतात, आवाज कुठं पोचत नाही.

तो तीस-चाळीस दुकानं सोडून एका बांगडीवाल्याच्या स्टुलावर बसलेला होता. दाढीवाले म्हातारे गृहस्थ. त्यांनी त्याला आधी पाणी दिलं, मग बापाचा नंबर विचारला. धाकट्याला माझा नंबर पाठ आहे, पण तो आपल्यासारखा : 'त्र्याण्णव', 'सदुसष्ट', असा जोड्या-जोड्यांनी. त्यांना मराठीतले त्र्याण्णव, सदुसष्ट कळेनात. त्यांनी वही दिली. धाकट्याला इंग्रजी आकडे येतात, पण घाबरलेल्या लेकराचा हात सवयीचंच लिहितो. त्याने मराठी आकडे लिहिले. ते त्यांना वाचता येईनात. शेवटी शेजारच्या कापड दुकानातल्या मारवाड्याला बोलावलं, त्याने आकडे वाचले आणि फोन लागला.

हे वाचणाऱ्या प्रत्येक आई-बापाला सांगतो : लेकरांना नंबर एक-एक आकडा करून, हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्ही पाठ करून घ्या. नाईन, थ्री, सिक्स, सेव्हन असा. शिवाय कागदावर इंग्रजी आकड्यांत नंबर आणि लॉजचं नाव लिहून खिशात ठेवा. हरवलं तर चालत सुटायचं नाही, जवळच्या दुकानात जाऊन उभं राहायचं, हेही आधीच सांगा.

आम्ही पोचलो तेव्हा धाकटा रडत होता आणि म्हातारे त्याला "नक्को रोना, नक्को रोना" म्हणत होते. आईने नातवाला कवटाळलं. मग म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी तेच स्टूल पुसून पुढं केलं, चहा मागवला. आई बाहेरचा चहा घेत नाही. मी तिच्याकडं बघत होतो. तिने बशीत ओतून घेतला.

निघताना मला एक आठवलं. कुणबी नोंदी शोधायच्या काळात आजाच्या पत्र्याच्या पेटीत एक उर्दू कागद सापडला होता. गावात वाचणारं कुणी उरलेलं नाही. त्याचा फोटो मोबाईलवर होता. म्हाताऱ्यांना दाखवला. चष्मा लावून, फोटो मोठा करून त्यांनी हळूहळू वाचला. शेतसाऱ्याची पावती निघाली. साल १३५२ फसली. फसली सालात ५९० मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं, म्हणजे १९४२-४३. रक्कम हाली रुपयात. हाली म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया, साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. गावाचं नाव, आणि माझ्या पणजोबांचं नाव. आईच्या आजेसासऱ्याचं. हे नाव तिने घरात फक्त श्राद्धाला ऐकलेलं.

तो दाखल्याच्या कामाचा कागद नव्हता, जातीचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता. म्हाताऱ्यांनी वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "जमीन अब भी है?" मी म्हटलं, "हौ. तीन एकर."

बायकोने तिथून दोन डझन बांगड्या घेतल्या. भाव केला नाही.

खर्चाचं आणि बाकीचं

पाच जणांना रेल्वे, लॉज, जेवण, फिरणं आणि बांगड्या मिळून १४ हजार ५०० रुपये लागले. त्यातले दीड हजार लॉजवर फुकट गेले. फोनवर एक भाडं सांगितलं आणि काउंटरवर 'एक्स्ट्रा माणूस' म्हणून दुसरं घेतलं. त्यामुळं फोनवर बोलतानाच माणसं किती, लेकरं किती हे सांगून भाडं मेसेजवर लिहून मागा. सगळ्यांची आधार कार्डं बरोबर ठेवा, लेकरांचीसुद्धा. त्यांच्या झेरॉक्स नेल्या तर आणखी बरं.

रिक्षा आधी ठरवल्याशिवाय बसू नका. मोबाईलवरून बोलावता येत असेल तर तशी बोलवा, वाद होत नाही. मशिदीत किंवा दर्ग्यात आत जायचं असेल तर लेकरांचे गुडघे झाकलेले हवेत, मुलींनी ओढणी घ्यावी, चपला बाहेर. शुक्रवारी दुपारी मक्का मशिदीपाशी नमाजाची गर्दी असते, तेव्हा चारमिनार टाळा. संध्याकाळी हुसेनसागरावर जा. तलावात मधोमध अखंड दगडाचा बुद्ध उभा आहे, १९९२ मध्ये बसवला. नावेतून जवळ जाता येतं.

घरचं काय, असं बायका विचारतात. म्हशीची धार काढायला भावकीतल्या वहिनींना सांगितलं होतं. पहिल्या दोन दिवशी म्हशीने त्यांना निम्मंच दूध दिलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्या आईचं जुनं लुगडं अंगाला गुंडाळलं, मग पान्हा सोडला.

शाळा उघडल्यावर धाकट्याला गुरुजींनी फळ्यावरचं गणित सोडवायला बोलावलं. तो जागेवरूनच म्हणाला, "नक्को, गुरुजी." दोन छड्या बसल्या. घरी येऊन सांगताना हसत होता.